उंबरमाळावरची पंधरा मिनिटं

बेंबळीच्या बसस्टँडसमोर शिवपुत्र हत्तरगेचा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर एका नवरीचा फोटो लावलेला आहे. ती नवरी इतकी गोरी झाली आहे, की तिच्या सख्ख्या मावशीने पाटीखाली उभं राहून 'ही कोणाची गं?' असं विचारलं होतं. शिवपुत्रची ख्याती ती हीच. लग्न कुठलंही असो, मुलीकडची माणसं त्याला बाजूला घेऊन सांगतात, "जरा उजळ येऊ द्या." आणि तो येऊ देतो. पोटासाठी करायचं काम. त्यात त्याला कमीपणा वाटत नसे.

पण डिसेंबर लागला की हा शहाणा माणूस बिघडायचा. पहाटे पाचला मफलर गुंडाळायचा, मोटारसायकल काढायची आणि बालाघाटाच्या उघड्याबोडक्या माळांकडे निघायचं. त्या दिवसांत सूर्य कलून चालतो. उगवल्यावर थोडाच वेळ त्याचा उजेड जमिनीला घासत येतो, आणि मग कातळाची एकेक चीर, दरीतली धुई, उतारावरच्या शाळूची ओली पानं सगळं स्पष्ट दिसू लागतं. वीस वर्षांत शिवपुत्रने असे हजारो फोटो काढले आणि त्यातला एकही विकला नाही. गाव त्याला तोंडावर फोटोग्राफर म्हणायचं आणि पाठीमागे धोंडेवाला. बायको महेश्वरी मात्र तोंडावरच धोंडेवाला म्हणायची आणि म्हणता म्हणता डब्यात शेंगाचटणी जास्त घालायची.

या डिसेंबरात मात्र तो माळावर गेला तो हौसेने नाही.

बेंबळीपासून अर्ध्या तासावर उंबरवाडी आहे. ही वाडी आधी खाली नव्हती, वर उंबरमाळावर होती. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत एकेक घर करत सगळी वाडी पाण्याजवळ खाली उतरली. माणसं उतरली, पण पुरलेली माणसं वरच राहिली. लिंगायतांची वाडी, मेलेल्या माणसाला जाळायचं नाही, हातात लिंग देऊन मातीत बसवायचं. वर दगडांचा ढीग रचायचा, तीच गरिबाची समाधी. पुढे बांधबंदिस्तीची कामं निघाली तेव्हा मजुरांनी ते दगड उचलून बांधाला लावले. मग शेळ्या फिरल्या, पन्नास पावसाळे गेले, आणि माळ सपाट झाला.

त्या सपाटीत कुठेतरी शिवपुत्रची आई होती. तिचं नाव शिवकांता. हा अकरा दिवसांचा असताना ती गेली. तिची थोरली जाऊ शरणम्मा, जिला सगळे अव्वा म्हणतात, तिने त्याला उचललं आणि वाढवलं. आईची समाधी कुठे, असं त्याने लहानपणी एकदा विचारलं होतं. अव्वा 'वर' एवढंच म्हणाली आणि चुलीकडे वळली. त्यानेही पुन्हा कधी विचारलं नाही. माळ कुठे पळून जाणार आहे, असं त्याला वाटायचं.

आता माळच जायची वेळ आली होती. खडीसाठी उंबरमाळ फोडायचा परवाना एका ठेकेदाराला मिळाला होता. गायरान जमीन, कागदावर दफनभूमीची नोंद नाही, मग अडवणार कोण? वाडीच्या अर्जावरून मंडळ अधिकारी शामला कुलकर्णी सोमवारी पाहणीला आल्या. बाई मूळच्या तुळजापूरच्या, कामाला चोख, कोणाच्या चहालाही न बांधलेल्या. त्या माळावर पोहोचल्या तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. बारा वाजता माळावर काय दिसणार? मुरूम, कुसळं आणि लेंड्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या अव्वाला जीपमध्ये घालून वर आणलं होतं. ती डोळ्यांवर हात धरून गरगर फिरली. तिच्या ओळखीचा एक लिंब उरला नव्हता, एक विहीर उरली नव्हती.

"काही खूण दिसत नाही, हत्तरगे," शामलाबाई म्हणाल्या. "मी दिसेल तेच लिहिणार. शुक्रवारपर्यंत पुरावा दाखवा, नाहीतर मला काम थांबवता यायचं नाही."

जीपमध्ये बसताना अव्वा शिवपुत्रचं मनगट धरून पुटपुटली, "नेरळाग हुडुक, मगा."

अव्वाचं माहेर आळंदकडचं. वय झालं तशी तिची मराठी मागे सरली आणि कानडी वर आली. मगा म्हणजे लेकरा आणि हुडुक म्हणजे हुडक, एवढं त्याला कळलं. आणि नेरळ? लहानपणी अव्वा पदरातून जांभळं आणायची आणि 'नेरळहण्णु, नेरळहण्णु' म्हणत त्याच्या ओंजळीत टाकायची. माळाच्या कडेला ओढ्यात एक म्हातारं जांभळीचं झाड होतंच. शिवपुत्रला वाटलं, सुटलो.

मंगळवारी तो वाडीतले चार गडी, टिकाव आणि कॅमेरा घेऊन जांभळीखाली गेला. दिवसभर उकरलं. दगडाखाली दगड निघाले. बुधवारी झाडाच्या दुसऱ्या अंगाला उकरलं, तर एक फुटका माठ आणि विंचू निघाला. तिसऱ्या प्रहरी माळावर पोकलेन चढवलं गेलं. त्याच्या साखळ्यांचा आवाज ओढ्यात ऐकू येत होता आणि गडी एकमेकांकडे बघत होते. ठेकेदाराचा सुपरवायझर महांतेश वरून डोकावला. पोरगा वाईट नव्हता.

"मामा, म्याबी लिंगायताच्याच पोटचा हाय," तो म्हणाला. "पर तिथं ओढ्यात कोण कुणाला पुरतंय वो? पहिल्याच पावसात वाहून न्हाय जायाचं?"

हे शिवपुत्रला आधी सुचायला हवं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. एक दिवस उरला होता.

संध्याकाळी तो घरी येऊन चपला न काढताच ओट्यावर बसला. महेश्वरीने पाणी दिलं.

"अव्वा तर जांभळीखालीच म्हणली व्हती," तो म्हणाला. "तिलाबी आता आठवत नसंल."

"जांभळीखाली? कवा म्हणल्या?"

"सोमवारी. नेरळाग हुडुक म्हणली."

महेश्वरी कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघतच राहिली. तिचं माहेर अक्कलकोटचं. कानडी तिच्या घरात नांदत होती. "अवो, जांभळाला नेरळे म्हणत्यात. नेरळ म्हंजे सावली! सावलीत हुडक म्हणल्या त्या. लगीन होऊन सव्वीस वर्सं झाली, एवढंबी कानडी येईना व्हय तुमाला? दोन दिवस चार गड्यानला जांभळीखाली कुदवलं!"

"सावलीत? माळावर झाड कुठं हाय सावलीला?"

महेश्वरी आत जाऊन अव्वापाशी बसली. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या बोलण्यातली चेष्टा गेली होती. "त्या म्हणत्यात, येरवाळी, दिस उगवायच्या येळी पाण्याला जाताना समाध्यांच्या सावल्या आडव्या पडायच्या. मेलेल्या माणसाची सावली ओलांडायची न्हाय, म्हणून बाया वळसा घालून जायच्या. ऊन वर आलं की कायबी दिसायचं न्हाय."

शिवपुत्रच्या हातातला तांब्या तसाच राहिला. देवीचे वण असलेला माणूस पासपोर्ट फोटोला आला की दिवा समोरून मारायचा, बाजूने मारायचा नाही, हे तो तीस वर्षं करत होता. समोरून मारला तर वण बुजतात. बाजूने मारला तर एकेक खड्डा बोलतो. आणि ज्या उजेडाच्या मागे तो वीस हिवाळे वेड्यासारखा पळत होता, तो उजेड बाजूनेच तर येत होता. पण त्याने दरवेळी कॅमेरा लावला तो दरीकडे, कड्यांकडे. माथ्यावरच्या सपाटीत बघण्यासारखं काही नाही म्हणून तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. त्या रात्री तो नीट जेवला नाही.

गुरुवारी उजाडायच्या आधीच तो माळाच्या पश्चिमेला असलेल्या टेकाडावर तिपाई लावून बसला. सूर्य समोर वर आला, उजेड माळावरून सरपटत आला, आणि सपाट मुरमावर एका ओळीत काळ्या रेघा उमटल्या. मग दुसरी ओळ, तिसरी. कुठे वीतभर उंचवटा, कुठे बसलेला खळगा, पण रांगा सरळ होत्या आणि अंतर सारखं होतं. निसर्ग असा रांग धरून बसत नाही. शिवपुत्रने भराभरा फोटो काढले आणि दहा वाजता ते घेऊन थेट मंडळ कार्यालय गाठलं.

शामलाबाईंनी फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. महांतेशही तिथे काही कागद द्यायला आला होता. तो मान वाकडी करून बघत म्हणाला, "मामा, कॉम्प्युटरवर तर काय बी करता येतंय की."

शिवपुत्र उसळला. "म्या खोटं करतो म्हणायचं हाय का तुला?"

"हत्तरगे," बाई मध्येच म्हणाल्या, आणि त्यांना बोलणं जड जात होतं. "माझ्या पुतणीच्या लग्नाचा अल्बम तुम्हीच केला होता."

"व्हय मॅडम."

"घरात कोणाला ओळखू आली नव्हती ती."

कार्यालयातला शिपाई खुदकन हसला. शिवपुत्रला हसू आलं नाही. तीस वर्षं त्याने लोकांना हवं ते दाखवलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा जे आहे ते दाखवायला गेला तर त्याच्या हातचं कोणी खरं मानायला तयार नव्हतं. याचा राग कोणावर काढायचा? बाईंचं काही चुकलं नव्हतं.

"मग फोटू राहू द्या," तो म्हणाला. "तुमी सोता या. पर बाराला न्हाय. साडेसहाला या."

"सकाळी साडेसहाला? या थंडीत?"

"सूर्य उगवल्यापासनं पंधरा मिन्टं. त्याच्या पुढं तुमाला तेच दिसंल, जे सोमवारी दिसलं."

बाईंनी फोटो पुन्हा एकदा बघितला. मग महांतेशला म्हणाल्या, "उद्या आठपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. आठनंतर मी असं लेखी देईन, नाहीतर तसं."

शुक्रवारी पहाटे शिवपुत्र माळावर पोहोचला. माळच नव्हता. धुई अशी दाटली होती की दहा पावलांवरचं पोकलेन नुसत्या घरघरीवरून ओळखायचं. महांतेशने थंडीत इंजिन गरम करायला लावलं होतं. वाडीतली पाच-सहा माणसं घोंगड्या पांघरून उभी होती. अव्वा जीपमध्ये दोन शालींत बसली होती आणि तिच्या मुठीत विभूतीचा खडा होता. महेश्वरीने फक्कीची पाटी आणली होती, मैदानावर रेघा आखतात ती पांढरी फक्की. नवरा-बायकोने रात्रीच ठरवलं होतं. जवळ गेलं की उंचवटा दिसत नाही, तो टेकाडावरूनच दिसतो. तेव्हा त्याने तिपाईपासून ओरडून दाखवायचं आणि तिने धावत जाऊन फक्की टाकायची. बाईंनी त्याच्याशेजारी उभं राहून सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

साडेसहाला बरोबर बाई आल्या. स्वेटर, त्यावर शाल, पायात मोजे. टेकाडावर चढून त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "हत्तरगे, मला तर माझी जीपही दिसत नाही."

"उठंल मॅडम. धुई उठंल."

सहा पंचावन्नला सूर्य उगवायचा होता. उगवला असेलही, पूर्वेकडे धुई जराशी पिवळट झाली एवढंच. सात वाजले. सात वाजून तीन मिनिटं. शिवपुत्रची बोटं थंडीने वाकेनात, आणि मनात हिशेब चाललेला, पंधरातली आठ गेली, नऊ गेली. उद्या सूर्य पुन्हा उगवेल, पण उद्या माळ असणार नाही. अव्वाचं वय चौऱ्याऐंशी. देवाला नवस बोलायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, तरी ओठ हलत होते. बाईंनी घड्याळ बघितलं. त्याने ते बघितलं आणि मान फिरवली.

सात वाजून सहा मिनिटांनी दरीतून वारं सुटलं. धुई आधी हलली, मग फाटली, आणि उजेडाचा एक पट्टा माळावर येऊन पडला. नुसता पट्टाच, सगळा माळ नव्हे. पण त्या पट्ट्यात चार काळ्या रेघा होत्या.

"महेश्वरी! पोकलेनच्या उजव्या हाताला! आणखी पुढं, आणखी! तिथं टाक!"

महेश्वरी ओचा खोचून पळाली. पांढरा गोल पडला. "त्याच्या डावीकडं चार पावलं! तिथं! आता मागं!" पट्टा पुढे सरकला तशा नव्या रेघा निघाल्या. ती एकटी पुरेना. घोंगड्या टाकून वाडीची माणसं धावली. शिवपुत्र ओरडत होता, आवाज चिरकत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला वेळ नव्हता. एकदा त्याने चुकून माणसाला दोन पावलं पलीकडे पाठवलं, तेव्हा शेजारून शामलाबाईच ओरडल्या, "अहो तिथं नाही, अलीकडं! अलीकडं!" आणि स्वतःच दचकून गप्प झाल्या.

खाली महांतेश पोकलेनपाशी उभा होता. त्याच्या पुढ्यातच एक गोल पडला. मग पोकलेनच्या साखळीला खेटून दुसरा. त्याने वर ड्रायव्हरला हाताने खूण केली आणि घरघर थांबली. मग महेश्वरीच्या हातातली जड पाटी त्याने आपल्या हातात घेतली.

सव्वासातला, शिवपुत्रच्या हिशेबापेक्षा पाच मिनिटं उशिरा, धुई पूर्ण उठली आणि सूर्य हातभर वर आला. रेघा आखडत आखडत मुरमात विरल्या. माळ पुन्हा सोमवारसारखा सपाट झाला, फक्त त्यावर आता एकतीस पांढरे गोल होते, तीन रांगांत.

शामलाबाई टेकाडावरून खाली उतरल्या. मग त्यांनी फाईल उघडली. "महांतेश, या गटातलं काम आजपासून बंद. लेखी आज दुपारी मिळेल. हत्तरगे, चला, नावं घेऊ. ज्यांची सांगता येतील त्यांची."

गोल बघितले आणि अव्वाला माळ सापडला. तीन रांगा म्हणजे तीन भावक्या, तेवढं एक कळल्यावर तिला दुसरं काही लागलं नाही. शिवपुत्रच्या दंडाला धरून ती एकेका गोलापाशी थांबत होती. हा सासरा. ही चुलत सासू, भांडकुदळ होती. हा कुंभाराच्या विहिरीत पडलेला पोरगा. महेश्वरी कानडीचं मराठी करत होती आणि बाई लिहीत होत्या. दुसऱ्या गोलापाशीच बाईंनी चपला काढून हातात घेतल्या होत्या, मोजे दवाने भिजले तरी पुन्हा घातल्या नाहीत.

तिसऱ्या रांगेच्या टोकाला अव्वा थांबली. शिवपुत्रच्या दंडावरची तिची पकड घट्ट झाली. तो समजला.

"मयताचं नाव?" बाईंनी विचारलं.

"शिवकांता," अव्वा म्हणाली.

"नातेवाईक कोणी हजर आहेत?"

"म्या हाय," शिवपुत्र म्हणाला.

"नातं?"

एक्कावन्न वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. अव्वा दुसरीकडे बघत होती, आणि त्याच्या दंडावरची तिची पकड सैल पडली होती. ती हात काढून घेत होती हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तो हात आपल्या हाताखाली घट्ट दाबून धरला.

"मुलगा," तो म्हणाला.

बाईंनी लिहिलं. "आणि ओळख पटवणाऱ्या या आजी? यांचं तुमच्याशी नातं?"

"आई."

लेखणी थांबली. "हत्तरगे, पंचनामा आहे हा. एकाच पानावर तुमच्या दोन आया कशा लिहू? वरून कोणी विचारलं तर काय सांगू मी?"

"जे दिसलं ते सांगा, मॅडम."

शामलाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, अव्वाकडे बघितलं आणि लिहिलं. अव्वा त्याचा आधार घेत हळूहळू खाली बसली. विभूतीचा खडा तिने मुठीत चुरला, तीन बोटं मातीवर ओढली आणि तीच बोटं वाकलेल्या शिवपुत्रच्या कपाळावर ओढली. मग तिने मातीवर तळवा टेकवला. या वेळी ती कानडीत बोलली नाही. शिवकांता मराठी मुलखातली होती.

"शिवकांता, बघून घे गं," ती म्हणाली. "हातात दिलंस तवा दोन शेराचंबी नव्हतं."